मुंबईची डाळ, बंगळुरूचं पाणी

मुंबईहून बंगळुरूला राहायला आलेल्या मराठी घरांत पहिल्या महिन्याभरात एक तक्रार हमखास ऐकू येते. तूरडाळ नीट शिजत नाही. कुकर तोच, डाळ तीच, शिट्ट्याही तितक्याच, आणि तरी वरण घोटताना रवीखाली दाणा लागतो. घरातला शिकलेला माणूस वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगून मोकळा होतो, की हे शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 100 ऐवजी 97 अंशांच्या आसपासच उकळतं.

उत्तर खरं आहे, फक्त ते उघड्या पातेल्याचं आहे. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेच्या दाबावर स्वतःचा जवळजवळ तेवढाच दाब चढवते. त्यामुळे मुंबईच्या कुकरात आणि बंगळुरूच्या कुकरात फरक उरतो तो एक-दोन अंशांचा. तेवढ्याने डाळ अडून बसेल का? मग संशय जातो पाण्यावर. या शहरात एका गल्लीत कावेरीचं पाणी येतं, पुढच्या गल्लीत बोअरवेलचं, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे टँकरचं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं आणि दाणा फुटायला वेळ लागतो. आता या दोन कारणांपैकी आपल्या घरात कोणतं लागू आहे? त्यासाठी प्राध्यापक लागत नाही. एकाच कुकरात दोन डबे लावायचे, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं, आणि डाळ एकाच पुडीतली. संध्याकाळच्या स्वयंपाकात निकाल लागतो.

पुढच्या पानांत जे प्रश्न आले आहेत ते बहुतेक याच जातीचे आहेत. बंगळुरूत वेगवेगळ्या निमित्तांनी, व्याख्यानानंतर, संस्थांच्या खुल्या दिवशी, तारांगणाच्या अंगणात, शाळांच्या भेटीत, साध्या माणसांनी विचारलेले. संकलकांनी त्यांची निवड करताना एक कसोटी लावली, आणि तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच मी ही प्रस्तावना स्वीकारली. प्रश्न विचारणाऱ्याला मिळालेलं उत्तर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोळ्याने तपासता येईल का, ही ती कसोटी. जिथे तसं करता येत नाही तिथे उत्तर देणाऱ्याने निदान तपासणी कशी झाली एवढं तरी सांगितलं पाहिजे. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ या दोन शब्दांवर थांबलेली उत्तरं त्यांनी सरळ काढून टाकली आहेत. माहितीची कितीतरी सुरेख पानं त्यामुळे गळली असतील. गळू देत.

या शहरात प्रश्न विचारण्याची गोष्ट निघाली की चंद्रशेखर वेंकट रामन यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. 1921 साली इंग्लंडहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीच्या डेकवर उभं राहून त्यांनी भूमध्य समुद्राकडे पाहिलं. समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नावर तेव्हा लॉर्ड रेली यांचं उत्तर प्रमाण मानलं जाई, की ते आकाशाचं प्रतिबिंब आहे. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. विशिष्ट कोनातून त्यातून पाहिलं की पाण्याच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश गाळला जातो. प्रतिबिंब गेलं, पण निळाई गेली नाही, उलट आणखी गडद झाली. बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा ‘नेचर’साठीचं त्यांचं टिपण तयार होतं. त्याच्याखाली पत्ता आहे तो बोटीचा आणि मुंबई बंदराचा, आणि तारीख 26 सप्टेंबर.

ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. रामन यांनी पाण्याच्या रेणूंवरून होणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्याला श्रेय दिलं, आणि त्याच वाटेने ते 28 फेब्रुवारी 1928 च्या आपल्या मोठ्या शोधापर्यंत पोचले. पण समुद्राच्या निळेपणात पाण्याच्या आणखी एका गुणाचा वाटा मोठा आहे. पाणी स्वतःच लाल प्रकाश थोडाथोडा शोषून घेतं, आणि खोल पाण्यात हा थोडाथोडा हिशेब बराच होतो. म्हणजे रेलींचं उत्तर रामन यांनी तपासलं, रामन यांचं नंतरच्यांनी तपासलं. नोबेल मिळालं म्हणून कोणी तपासायचं थांबलं नाही.

रामन 1933 साली इथल्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले आणि 1970 साली गेले ते इथेच. उतारवयात त्यांना शाळकरी मुलांपुढे बोलायला फार आवडे. 1968 च्या डिसेंबरात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अहमदाबादला विक्रम साराभाईंच्या सामुदायिक विज्ञान केंद्राच्या पायाभरणीला ते गेले आणि आकाश निळं का, यावर बोलले. त्या व्याख्यानातला मला सगळ्यात आवडणारा भाग चांदण्याचा आहे. चंद्राचा प्रकाश म्हणजे सूर्याचाच परतलेला प्रकाश. मग पौर्णिमेच्या रात्री आकाश निळं का दिसत नाही? उत्तर असं, की ते निळंच असतं. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, म्हणून ते आपल्याला काळं-राखाडी वाटतं. दोष आकाशाचा नाही, पाहणाऱ्याचा आहे. आज हे पडताळायला मोबाइल पुरतो. पौर्णिमेच्या रात्री तो कशाला तरी टेकवून ठेवायचा, कॅमेऱ्याला बराच वेळ उजेड घेऊ द्यायचा, आणि चित्रात दुपारसारखं निळं आकाश उमटतं, वर चांदण्यांसह.

त्याच रामन यांच्या दारात 1933 साली एक मुलगी उभी होती. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या यादीत पहिली आलेली, नाव कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही याच संस्थेत शिकलेले. तेव्हा तिला वाटलं असणार की आपलं इथे येणं हे घरातल्यासारखंच आहे. रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण ती मुलगी होती. तिने तो नकार मानला नाही. बंगळुरूला येऊन तिने समोरासमोर विचारलं, का? समाधानकारक कारण मिळेना, तेव्हा त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. शेवटी रामन यांनी अटी घालून घेतलं. वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-बेरात्री काम करायचं, आणि संस्थेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

अशा ठिकाणी ‘तो काळच तसा होता’ असं म्हणून थोरांची बाजू सावरून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळणार नाही. निळ्या समुद्राला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या गृहीताला प्रश्न विचारता आला नाही, आणि तो एका विशीतल्या मुलीने विचारला, एवढंच त्यातलं सत्य आहे. मात्र एक गोष्ट रामन यांच्या खात्यावर जमा करायला हवी. वर्षभराचं काम पाहून त्यांनी आपलं मत बदललं, कमलाबाईंना रीतसर घेतलं, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. म्हणजे तीही एक तपासणीच झाली, जिच्यात चूक ठरलं ते संचालकांचं गृहीतक.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलाबाईंनी काम केलं ते दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर. पुढे केंब्रिजला जाऊन 1939 साली पीएच.डी. मिळवली, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडल्याचं दाखवलं, मायदेशी परतून नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. चरित्रकोशांत हे सगळं असतंच. कमला सोहोनी या नावाशी जोडलेलं एक काम मात्र मला या पुस्तकाच्या अधिक जवळचं वाटतं. ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नातली भेसळ ओळखायच्या सोप्या चाचण्यांचा संच गृहिणींसाठी तयार केला आणि ‘कीमत’ या नियतकालिकात त्यावर लिहिलं. दुधात पिठूळ काही मिसळलंय का, हा प्रश्न दूधवाल्याला विचारून उपयोग नसतो. थोडं दूध पाणी घालून उकळावं, निववावं, आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर दुधात स्टार्च आहे. ज्या बाईला एकेकाळी प्रयोगशाळेच्या दारात थांबवलं होतं, तिने प्रयोगशाळाच ओट्यावर नेऊन ठेवली.

बंगळुरूच्या दक्षिण भागात, बसवनगुडीत, नॅशनल कॉलेज आहे. जवळच्या गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनचा डोसा जितक्या लोकांना ठाऊक आहे तितक्यांना या कॉलेजातलं सभागृह ठाऊक असतं तर बरं झालं असतं. 1962 साली एच. नरसिंहय्या यांनी इथे बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. हा भौतिकीचा प्राध्यापक अविवाहित, खादीधारी. ‘चले जाव’मध्ये तुरुंगात गेला, आणि त्यातला काही काळ आपल्या येरवड्यात काढला. अमेरिकेतून अणुभौतिकीतली पीएच.डी. घेऊन आल्यावरही राहिला तो कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत. फोरमची व्याख्यानं नियमाने आणि फुकट होत. कोणीही यावं, मागे बसावं, आणि शेवटी उठून विचारावं. जुलैत तर महिनाभर जवळजवळ रोज संध्याकाळी विज्ञानाचा उत्सव असे. गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे लगेच ओळखीचं वाटावं. फरक इतकाच की आपल्या व्याख्यानमालांत टाळ्यांनंतर आभारप्रदर्शन असतं, इथे टाळ्यांनंतर खरी सभा सुरू होई.

नरसिंहय्या बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू असताना 1976 साली त्यांनी चमत्कारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. सत्यसाईबाबा हवेतून विभूती आणि अंगठ्या काढून देतात, अशी तेव्हा देशभर ख्याती होती. समितीने त्यांना पत्रं पाठवली, की आमच्यासमोर, आमच्या अटींवर करून दाखवा. नरसिंहय्यांनी मागितला होता तो भोपळा. बाही कितीही सैल असली तरी तिच्यात भोपळा मावत नाही. बाबांनी समितीला दाद दिली नाही, आणि कुलगुरूंवर श्रद्धेला धक्का लावल्याची टीका झाली. मला त्या मागणीतली नेमकी वैज्ञानिक बुद्धी भावते. चमत्कार खोटा आहे, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. हातचलाखीला वाव राहणार नाही अशी वस्तू त्यांनी निवडली आणि बाकीचं निरीक्षणावर सोपवलं. प्रयोगाची आखणी म्हणतात ती हीच.

याचंच मराठी भावंड सांगायचं तर जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात केलेली फलज्योतिषाची चाचणी. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते सांगा म्हटलं. शेवटपर्यंत उत्तरं पाठवणारे निघाले 27, आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण भरलं 46 टक्के. नाणं उडवून 50 च्या जवळ पोचता येतं. हा निबंध 2009 साली छापला तो ‘करंट सायन्स’ने, आणि ते नियतकालिक निघतं बंगळुरूहून. महाराष्ट्राचा आणि बंगळुरूचा संबंध असा कधी भोपळ्यातून तर कधी कुंडलीतून जुळतो.

नारळीकरांची आणखी एक सवय इथे नोंदवावीशी वाटते. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, सही देणार नाही, एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर सहीनिशी पाठवीन. वहीवरची सही फुकट मिळते. पोस्टकार्डासाठी आधी आपल्याला काय कळत नाही ते शोधावं लागतं, आणि वहीत सह्या गोळा करणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच गळत असणार. नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. त्यांच्या अक्षरातली पोस्टकार्डं किती घरांच्या कपाटांत आहेत, ती कोणीतरी एकत्र करायला हवीत.

आजच्या बंगळुरूकडे येऊ. भारतीय विज्ञान संस्थेला इथले जुने रिक्षावाले अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. ती वर्षातून एक दिवस सगळ्यांना खुली असते, आणि त्या दिवशी मल्लेश्वरमच्या बाजूचे रस्ते तुंबतात. उच्चदाब प्रयोगशाळेत कृत्रिम वीज कडाडताना पाहायला लोक तासन् तास रांगेत उभे राहतात. जवाहरलाल नेहरू तारांगणात रविवारी आयसीटीएस या संशोधन केंद्राच्या ‘कापी विथ क्युरिऑसिटी’ मालिकेतली व्याख्यानं होतात आणि तिथेही प्रश्नांचा तास रेंगाळतो. अशा सभांना ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना तीन जातींचे विचारणारे ओळखता येतात. पहिले, पुढच्या रांगेतले निवृत्त अभियंते. ‘माझा प्रश्न असा की’ म्हणून ते जे सुरू करतात ते वक्त्याच्या व्याख्यानापेक्षा थोडंच लहान असतं. दुसरे स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी, ज्यांना उत्तर आधीच पाठ असतं. तिसरी असतात पाच ते बारा वयाची मुलं, आणि घाम फुटतो तो त्यांच्यामुळे. ‘लिफ्ट तुटून पडत असताना अगदी शेवटी उडी मारली तर मी वाचेन ना?’ अशा प्रश्नांचा संग्रह म्हणजे हे पुस्तक. (नाही वाचणार. 30 मीटरवरून पडणारी लिफ्ट तळाशी ताशी 87 किलोमीटरच्या वेगाने आदळते. चांगल्या उडीने त्यातले फार तर 10 वजा होतात, आणि मुळात त्या लिफ्टमध्ये पायाखाली जोर लावायला वजनच उरलेलं नसतं.)

हे वाचून वाचकाचा समज होऊ नये की प्रश्न म्हणजे रविवारची करमणूक. बेळंदूर तलावावर 2015 साली आणि पुन्हा 2017 साली आग दिसली. त्याच्या फेसाचे पांढरे डोंगर वाऱ्याने उडून रस्त्यावर येत आणि दुचाकीवाले आंधळ्यासारखे वाट काढत. पाण्याला आग कशी लागते, हा प्रश्न तिसरीतल्या मुलाचा वाटतो, पण तो साऱ्या शहराचा होता. फेसाचा उलगडा त्यामानाने सरळ आहे. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, त्यातले साबण-डिटर्जंटचे अंश, गाळात साठलेला फॉस्फरस, आणि पावसाने घुसळलेलं पाणी. आगीबद्दल मात्र कोणी गाळातून निघणाऱ्या मिथेनकडे बोट दाखवलं, कोणी काठावरचं सुकं गवत आणि कचरा पेटवणाऱ्यांकडे. कारण कोणतं यावर जबाबदारी कोणाची हे ठरत होतं, म्हणून या एका प्रश्नाचं उत्तर तपासायला न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. संकलकांनी हे प्रकरण वगळलं नाही, उलट सगळ्यात लांब ठेवलं आहे, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. बालवाचकांच्या आईवडिलांपैकी काहींना ते कंटाळवाणं वाटेल. त्यांनी ते आधी वाचावं.

एक उणीवही सांगितली पाहिजे. संग्रहातले बहुतेक प्रश्न इंग्रजीत विचारले गेले, थोडे कन्नडमध्ये, मोजके तमिळ-हिंदीत. ज्यांना सभागृहात यायला वेळ नाही किंवा आत शिरायचा धीर होत नाही, त्या बांधकामावरच्या, घरकामाच्या, फुलबाजारातल्या लोकांचे प्रश्न इथे जवळजवळ नाहीत. त्यांना प्रश्न पडत नाहीत असं नाही. सिमेंटवर पाणी मारत का राहायचं, मोगरा रात्रीच का उमलतो, हे त्यांच्याइतकं जवळून कोण पाहतं? दुसरी आवृत्ती निघाली तर वही घेऊन त्यांच्याकडे जावं लागेल.

शेवटचं प्रकरण शून्य सावलीचं आहे, आणि ते मराठी वाचकांना विशेष उपयोगी पडेल म्हणून इथेच थोडं सांगतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, असं आपण रोज म्हणतो. पण नेमका डोक्यावर तो वर्षात दोनच दिवस येतो, आणि तेही कर्कवृत्त-मकरवृत्ताच्या पट्ट्यातच. दिल्लीवर तो कधीच येत नाही. बंगळुरूत हे दिवस 24 एप्रिलच्या आणि 18 ऑगस्टच्या आसपास येतात. एप्रिलमध्ये दुपारी 12 वाजून 17-18 मिनिटांनी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. पुण्यात हेच मेच्या मध्यावर घडतं, नागपुरात मेच्या अखेरीस. आपली दुसरी तारीख जुलैत येते आणि ढगांत वाया जाते.

बंगळुरूची सावली शून्य होते त्या दिवशी पुण्यात कोणी एक मीटरची काठी उभी करून दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजली तर ती साधारण 9.7 सेंटीमीटर भरते. म्हणजे सूर्य तिथे माथ्यापासून साडेपाच अंशांनी कललेला आहे. दोन शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर नकाशावर मोजलं तर सुमारे 615 किलोमीटर. साडेपाच अंशांना इतके, तर 360 अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटरच्या आसपास येतो. इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी केलेला हाच हिशेब. अंतर रस्त्याचं धरायचं नाही, नाहीतर पृथ्वी फुगते. आणि सावली मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर परिघात 400 किलोमीटरचा फरक पडतो. अडचण अशी की सूर्य हा बिंदू नाही, तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कडा 9 मिलिमीटरभर पुसट असते आणि नेमकी कुठे खूण करायची ते कळत नाही. काठीच्या टोकाला बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा आडवा बसवला तर जमिनीवर सूर्याचा गोल ठिपका पडतो आणि त्याचा मध्य पेन्सिलीने धरता येतो. पुठ्ठ्याचं माप आणि छिद्राची आकृती शेवटच्या प्रकरणात दिली आहे. पुण्यात काठी उभी करायला एक जण आणि बंगळुरूत एक जण एवढी सोय मात्र वाचकांनी आधी करून ठेवावी.